आकृतीत नळी दिसते, वेळ दिसत नाही : जुन्या लँड क्रूझरची कागदपत्रं कशी वाचावीत

पीएच.डी.च्या प्रवेश-मुलाखतीत कधी कधी एखादी आकृती समोर सरकवतात आणि म्हणतात, "यावर बोला." आपल्यापैकी बहुतेकजण भागांची नावं वाचायला लागतात. हा व्हॉल्व्ह, ही टाकी, ही नळी इथून तिथे जाते. समोरचे मान डोलावतात आणि गुण देत नाहीत. कारण हे झालं वर्णन. त्यांना हवी असते चिकित्सा : ही आकृती काय सांगते, काय सांगत नाही, आणि जे सांगत नाही त्यामुळे कोणाचा काय घोटाळा होऊ शकतो.

चिकित्सा ही काही फक्त जर्नलमधल्या पेपरची करायची गोष्ट नाही. आज आपण एका जुन्या गाडीची कागदपत्रं घेऊ. गाडी आहे टोयोटा लँड क्रूझर एफजे६०, अमेरिकेत १९८१ ते १९८७ या काळात विकली गेलेली. ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं 'टू-एफ' इंजिन, कार्बुरेटर, आणि साधारण ९० लिटरची पेट्रोलची टाकी. डोंगरदऱ्यात, वाळूत, दगडांवरून चालवायची गाडी. हिचं बॉनेट उघडलं की पहिल्यांदा दिसतो तो बारीक रबरी नळ्यांचा गुंता. त्यातल्या बऱ्याच नळ्या गाडी पळवण्यासाठी नाहीत, प्रदूषण अडवण्यासाठी आहेत. त्यातला एकच धागा आपण सोडवायचा : पेट्रोलची वाफ.

वाफ म्हणजे नेमकी कुठली?

गाडीचं प्रदूषण म्हटलं की डोळ्यासमोर सायलेन्सर येतो. पण पेट्रोल न जळताही हवेत जातं. गाडी दिवसभर उन्हात उभी असली की टाकी तापते आणि वाफ बाहेर पडू पाहते. ही दिवसाची वाफ. गाडी चालवून आणून बंद केली की गरम इंजिनावर बसलेल्या कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळल्यासारखं होतं. ही गरम उभ्या गाडीची वाफ. गाडी चालू असताना तापलेल्या टाकीतून निघते ती चालतानाची वाफ. यांशिवाय रबराच्या भिंतीतून रेणू-रेणूने पेट्रोल झिरपतं ते वेगळंच, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की जुन्या रबरातून ते आणखी जास्त झिरपतं.

याची काळजी करायची का? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्टेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्यामागे हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन यांची अभिक्रिया आहे. कसलंही नियंत्रण नसलेल्या त्या काळच्या मोटारीतून जे हायड्रोकार्बन बाहेर पडत, त्यांतला ढोबळमानाने पाचवा हिस्सा न जळलेल्या वाफेचा होता. शिवाय पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं, आणि बेंझीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे आता सिद्ध झालेलं आहे.

या वाफेवरचा उपाय म्हणजे कोळशाचा डबा, चारकोल कॅनिस्टर. टाकीतली आणि कार्बुरेटरच्या वाटीतली वाफ नळीने या डब्यात येते आणि सक्रिय कोळशाच्या कणांना चिकटून बसते. पुढे इंजिन चालू असताना डब्याच्या तळातून ताजी हवा आत ओढली जाते, ती चिकटलेलं पेट्रोल सोडवते आणि इंजिनात नेऊन जाळते. डबा रिकामा करण्याच्या या कामाला 'पर्ज' म्हणतात. म्हणजे डब्याचं आयुष्य दोन पाळ्यांत चालतं : भरणं आणि रिकामं होणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला कागद : बॉनेटखालची आकृती

बॉनेटखाली चिकटवलेल्या कागदावर नळ्यांची आकृती छापलेली असते. ठिपके, रेषा, चौकोन आणि आद्याक्षरं : ईजीआर, व्हीएसव्ही, बीव्हीएसव्ही. हिची जमेची बाजू आधी सांगते. सुटलेली नळी परत कुठे लावायची, या एका प्रश्नाचं उत्तर ती चोख देते. चाळीस वर्षांनी गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

पण ती समजावते काय? डब्यापासून कार्बुरेटरपर्यंत रेषा आहे, मध्ये 'बीव्हीएसव्ही' असा एक चौकोन आहे. हा तापमानावर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह. इंजिनातलं पाणी थंड असताना तो बंद, पुरेसं तापलं की उघडा. आकृतीत मात्र रेषा चोवीस तास जोडलेलीच दिसते. शिवाय ती रेषा कार्बुरेटरला जिथे मिळते ते भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर आहे. पाय उचललेला असतो तेव्हा पाकळी बंद असते, भोक पाकळीच्या वर राहतं आणि तिथे व्हॅक्यूम पोचत नाही. पेडल थोडं दाबलं की पाकळीची कड भोकाच्या पलीकडे सरकते आणि ओढ सुरू होते.

म्हणजे ती एक रेषा प्रत्यक्षात वाहायला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात : इंजिन गरम हवं आणि पेडल दाबलेलं हवं. आकृतीत यांतली एकही अट नाही. तिने आपल्याला रस्ता दाखवला, गाडीचं वेळापत्रक दिलं नाही. आणि तपासणारा माणूस नेमका इथे फसतो. इंजिन सुरू करून, गाडी जागेवर ठेवून तो नळी काढतो, बोट लावतो, ओढ लागत नाही. "व्हॉल्व्ह गेला," म्हणून मोकळा होतो. व्हॉल्व्ह ठणठणीत असतो, फक्त त्याची वेळ झालेली नसते.

दुसरा कागद : मॅन्युअलमधला तक्ता

त्या काळच्या टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये याच भागासाठी एक तक्ता असायचा, आणि माझ्या मते तांत्रिक लेखनाचा तो उत्तम नमुना आहे. आडव्या ओळींत स्थिती : पाणी थंड, पाणी गरम पण थ्रॉटल भोकाच्या खाली, पाणी गरम आणि थ्रॉटल भोकाच्या वर, टाकीत दाब जास्त, टाकीत निर्वात जास्त. उभ्या रकान्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह उघडा की बंद. शेवटच्या रकान्यात परिणाम : वाफ डब्यात जाते, डब्यातली वाफ कार्बुरेटरकडे जाते, किंवा बाहेरची हवा टाकीत येते.

एवढ्याशा जागेत यंत्राचा सगळा स्वभाव उतरलाय. शेवटच्या दोन ओळी बघा. टाकीचं झाकण हे नुसतं झाकण नाही, टाकीत निर्वात झाला तर हवा आत घ्यायचं कामही व्यवस्थेत आहे, हे त्या ओळींवरून कळतं. नाहीतर पेट्रोल उपसलं जाताना टाकीच आत ओढली जाईल. तुमच्या प्रबंधात एखादी प्रणाली समजावून सांगायची असेल तर नळ्यांच्या चित्राआधी असा तक्ता करून बघा. ज्या ओळीत तुम्हाला काय भरायचं ते सुचत नाही, तिथे तुमचं आकलन थांबलेलं असतं.

आता उणिवा. मला तीन दिसतात.

पहिली शब्दाची. मॅन्युअलचं इंग्रजी म्हणतं की वाफ डब्यात 'शोषली' जाते. स्पंज पाणी शोषतो, कोळसा वाफेला पृष्ठभागावर धरून ठेवतो. याला अधिशोषण म्हणतात. तुम्ही म्हणाल, शब्दाचा कीस काढतेय. पण या फरकावर बरंच काही उभं आहे. एका ग्रॅम सक्रिय कोळशात हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असला तरी तो मोजकाच आहे. जागा भरली की पुढची वाफ सरळ बाहेर. तापमान वाढलं की पकड सैल होते, म्हणजे जेव्हा वाफ सर्वांत जास्त तेव्हाच कोळशाची ताकद कमी. आणि काही जड रेणू एकदा बसले की साध्या हवेने उठतच नाहीत, त्यामुळे वर्षांगणिक कामाची जागा घटत जाते. 'शोषणे' या शब्दाने यातलं काहीच सुचत नाही.

दुसरी उणीव तपासणीच्या कृतीत आहे. डबा तपासण्यासाठी त्या काळची टोयोटाची मॅन्युअल्स सांगतात : एका नळीतून हवा फुंका, ती विनाअडथळा बाहेर येते का बघा, दुसरीतून फुंका, अडते का बघा, आत कोळशाचे कण सुटलेत का बघा, आणि डबा धुऊ नका. या कृतीने काय तपासलं गेलं? आतले व्हॉल्व्ह योग्य दिशेला चालतात का, आणि तळाची जाळी तुंबलीय का. कोळसा अजून वाफ धरतो का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. ज्या कामासाठी डबा बसवला त्याच कामाची परीक्षा नाही. चाळीस वर्षांचा, जड रेणूंनी भरून गेलेला डबा या तपासणीत पहिल्या श्रेणीत पास होईल.

तिसरी उणीव संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत रसाळ. तक्त्यातल्या सगळ्या स्थिती सारख्याच महत्त्वाच्या दिसतात, कोणती स्थिती किती वेळ टिकते हे नाही. आता ही गाडी ज्या कामासाठी घेतली जाते ते डोळ्यांसमोर आणा. लो गिअरमध्ये, दगडांवरून, तासन् तास, पेडलला जेमतेम पाय लावून. इंजिन गरम, टाकी खालून तापतेय, पेट्रोल हिंदकळतंय, म्हणजे भरण्याची पाळी जोरात. आणि थ्रॉटल बहुतेक वेळ भोकाच्या खाली, म्हणजे रिकामं होण्याची पाळी बंद. तक्त्याच्या तर्कानुसार अशा दिवशी डबा भरतच जायला हवा. हमरस्त्यावर हीच गाडी उलट वागेल.

हे माझं अनुमान आहे, पण तपासता येण्याजोगं. डबा काढायचा, चांगल्या काट्यावर तोलायचा, परत बसवायचा, दोन तास हमरस्त्यावर चालवून पुन्हा तोलायचा. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ खडकाळ वाटेवर. वजनातला फरक म्हणजे धरलेली किंवा सोडलेली वाफ. कोणाला पदव्युत्तर प्रकल्प हवा असेल तर घ्या. फक्त मोकळ्या हवेत करा, ठिणगीपासून लांब, आणि दोन्ही दिवसांचं तापमान व पेट्रोल सारखं ठेवा.

तिसरा कागद : नियमातला आकडा

आता गाडीतून बाहेर येऊ. नळ्या बसवल्या त्या एका आकड्यासाठी. अमेरिकेत नव्या मोटारींच्या वाफेवर देशपातळीवर मर्यादा आली ती १९७१च्या मॉडेलपासून : एका चाचणीत ६ ग्रॅम. १९७२ला ती २ ग्रॅम झाली. १९७८ला ती पुन्हा ६ ग्रॅम. १९८१ला परत २.

हा आकड्यांचा आलेख काढा आणि कोणालाही दाखवा. तो म्हणेल, "१९७८ला सरकार ढिलं पडलं." आणि तो सपशेल चुकेल. १९७८ला नियम कडक झाला होता.

झालं काय, तर मोजण्याची रीत बदलली. आधीच्या रीतीत, जिथून वाफ निघेल असं वाटतं त्या तोंडांवर कोळशाचे सापळे लावायचे आणि चाचणीनंतर ते सापळे तोलायचे. सापळ्यात आलं तेवढंच मोजलं गेलं. एखाद्या सांध्यातून, झाकणाच्या कडेने, कार्बुरेटरच्या दांड्याजवळून निसटलेली वाफ हिशेबातच नाही. १९७८पासून अख्खी गाडी सीलबंद खोलीत घालून खोलीतल्या हवेतलं हायड्रोकार्बन मोजायला लागले. कुठूनही निघालेली वाफ आता पकडीत आली. जुन्या रीतीने २ ग्रॅम दाखवणारी गाडी या खोलीत कितीतरी जास्त दाखवायची. म्हणून आकडा वाढवूनही अट अवघड झाली.

आपली एफजे६० या नव्या रीतीच्या २ ग्रॅमच्या काळातली. २ ग्रॅम पेट्रोल म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिलिटर, चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. ९० लिटरच्या टाकीमागे एवढीच सवलत.

पण सीलबंद खोलीलाही तिची आंधळी जागा आहे. सापळ्याला 'कुठून' कळायचं, 'एकूण किती' कळत नव्हतं. खोलीला 'एकूण किती' कळतं, 'कुठून' कळत नाही. टायर, रंग, सीटचा फोम यांतूनही हायड्रोकार्बन सुटतात आणि खोली तेही पेट्रोलच्या खात्यावर मांडते. मर्यादा पुढे खूप खाली आल्यावर ही पार्श्वभूमीची वाफ मोठी डोकेदुखी ठरली. शिवाय त्या काळच्या चाचणीत टाकीतलं पेट्रोल एका तासात सुमारे १५.६ अंश सेल्सिअसवरून २८.९ अंशांपर्यंत तापवायचे आणि त्याला 'एक दिवस' म्हणायचे. मग गाडी चालवायची आणि एक तास गरम उभी ठेवायची. चालतानाची वाफ मोजलीच जात नव्हती. ती आणि खरे चोवीस तासांचे, अनेक दिवसांचे फेरे चाचणीत आले ते १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. खडकाळ वाटेवर तापत चाललेली टाकी एफजे६०च्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नव्हती. अभ्यासक्रमात नसलेल्या धड्याची तयारी कोण करतो?

"काढून टाकलं, गाडी तशीच चालते"

अमेरिकेतल्या जुन्या लँड क्रूझरवाल्यांमध्ये 'डीस्मॉग' असा एक शब्दच आहे. म्हणजे प्रदूषण अडवणारे सगळे भाग काढून इंजिन 'स्वच्छ' करणं. कायद्याने याला मनाई आहे, तरी हे होतं, आणि त्यामागचा युक्तिवाद असा : डबा काढला, गाडी तशीच चालते, म्हणजे डबा फालतू होता.

युक्तिवादाची चूक पकडा. डब्याचं काम गाडी चालवणं हे नव्हतंच. घरावरची कौलं नीट असली की घरात काहीच होत नाही. म्हणून कोणी उन्हाळ्यात कौलं उतरवून "बघा, घर तसंच आहे" म्हणत नाही. ज्या भागाचं यश म्हणजे 'काही न होणं', त्याची परीक्षा गाडीच्या पळण्यावरून करताच येत नाही. अमेरिकेत घराला चिकटून गॅरेज असतं. डब्याविना उघडी सोडलेली नळी रात्रभर बेंझीनसकट वाफ तिथे सोडत राहते. ती नळी बुजवली तर टाकीत दाब साठतो. गाडी तिरकी झाली तर नुसती वाफ नाही, पेट्रोलच बाहेर येऊ शकतं, गरम इंजिनाजवळ.

पण चिकित्सा करताना समोरच्याचा अनुभव खोटा ठरवून चालत नाही. पर्जचा व्हॉल्व्ह उघडा अडकला की जागेवरचं इंजिन खरंच अडखळतं. झाकणापर्यंत टाकी भरायच्या सवयीने डब्यात द्रव पेट्रोल गेलं की गाडी काळा धूर ओकते. मेकॅनिकने हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बिघडलेला भाग काढल्यावर गाडी सुधारली हे निरीक्षण बरोबर, 'म्हणून तो भागच चुकीचा' हा निष्कर्ष चूक. आणि या चुकीला थोडा हातभार पहिल्या कागदाचाही आहे. ज्या आकृतीत कारण नाही, वेळ नाही, ती गुंता वाटणारच, आणि गुंता माणूस कापून टाकतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या रस्त्यावर एफजे६० क्वचितच दिसेल. पण तिसऱ्या कागदाचा धडा आपल्याही खिशात असतो : पीयूसीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे नव्या मॉडेलला मंजुरी देताना सीलबंद खोलीतली वाफेची चाचणी होते, मर्यादा तीच २ ग्रॅम. त्यानंतर मात्र गाडी जन्मभर पीयूसी केंद्रात जाते, आणि तिथे नळी घालतात ती सायलेन्सरमध्ये. पेट्रोल गाडीचा कोळशाचा डबा फुटलेला असो, मेलेला असो, कोणी काढून फेकलेला असो, त्या नळीला ते दिसणं शक्य नाही. पीयूसीच्या आकड्यांवरून शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एकूण हायड्रोकार्बनचा अंदाज बांधणारा पेपर हातात आला, तर हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा.

वहीत लिहून ठेवा

कोणतीही तांत्रिक आकृती, तक्ता किंवा मर्यादा समोर आली की मी चार गोष्टी विचारते. हे कधी खरं असतं, कोणत्या अटींवर? ती स्थिती प्रत्यक्ष वापरात किती वेळ टिकते? तपासणी नेमकं कोणतं काम तपासते, त्या भागाचं मुख्य काम की शेजारचं? आणि आकडा बदलला तेव्हा मोजण्याची रीत तीच होती का?

चौथा प्रश्न सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये वेगवेगळ्या दशकांतले आकडे एका तक्त्यात मांडताना 'रीत' असा एक रकाना वाढवा. १९७२चे २ आणि १९७८चे ६ एकाखाली एक लिहून "उत्सर्जन तिप्पट झालं" असं वाक्य लिहिण्यापासून तो एक रकाना तुम्हाला वाचवेल. गाईडने विचारण्याआधी.